टू बी प्रिसाइज, म्हशीपासून उजवीकडे

स्वानंदने उत्कर्षाला मनातलं सांगणारा पहिला मेसेज पाठवला तो मंगळवारी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, बावधनच्या ऑफिसच्या गच्चीत उभं राहून. मेसेज इंग्रजीत होता, कारण तेच मराठीत लिहायला त्याला लाज वाटत होती. ‘मला तुम्ही आवडता, टू बी प्रिसाइज, खूपच.’ एवढं लिहून त्याने डोळे मिटले आणि बोटाने बटण दाबलं. मग तो समोरच्या टेकडीवर सरकणारी ढगाची सावली बघत बसला. खाली मीटिंग सुरू झाली होती आणि त्याच्या नावाने कोणीतरी हाका मारत होतं, पण स्वानंद त्या सावलीबरोबर पार पिरंगुटपर्यंत जाऊन पोचला होता.

उत्तर चार मिनिटांत आलं. उत्कर्षा बाणेरच्या एका कंपनीत संपादक होती, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दुसऱ्यांचं इंग्रजी सरळ करत असे. लग्नाच्या साइटवर दोघांची ओळख झाली होती आणि तीन रविवार दोघांनी एकत्र कॉफी घेतली होती. तिने लिहिलं होतं, ‘टू बी प्रिसाइज म्हणजे नेमकं सांगायचं तर. ते लिहिलं की वाचणारा पुढच्या नेमक्या गोष्टीची वाट बघतो. खूपच ही काही नेमकी गोष्ट नाही. पाहुण्यांना बसा, पोहे आणते म्हणून पाणी आणून ठेवल्यासारखं झालं. नेमकं काय आवडलं?’ शेवटी एक हसरा चेहरा होता. तो चेहरा कशाला हसतोय हे स्वानंदला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

खरं तर त्या बिचाऱ्याचा फारसा दोष नव्हता. नोकरीला लागला तेव्हा त्याचे पहिले साहेब प्रत्येक पत्रात हे तीन शब्द घालत. स्वानंदला ते सूटबूट घातल्यासारखे वाटले आणि त्याने उचलले. सहा वर्षं तो परदेशातल्या गिऱ्हाइकांना लिहीत आला होता की अडचण लवकरच दूर होईल, टू बी प्रिसाइज, काही दिवसांत. गिऱ्हाइकांनीही ते मुकाट्याने वाचलं होतं. आणि आता एका मुलीने पहिल्यांदाच त्या तीन शब्दांच्या खाली बघितलं होतं आणि तिथे काहीच नाही हे तिला दिसलं होतं.

नेमकं काय आवडलं याचं उत्तर त्याला सुचेना. तिच्याबद्दल त्याच्या मनात जे होतं ते सगळं धुक्यासारखं होतं. आत शिरलं की गार वाटायचं, पण हातात काही यायचं नाही.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. तिच्या वडिलांना, चंद्रकांतरावांना, रविवारी अकरा वाजता मुलाचं घर बघायला यायचं होतं. चंद्रकांतराव जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर साखळी ओढून लोकांच्या हद्दी ठरवल्या, त्यामुळे मोघम बोलणाऱ्या माणसावर त्यांचा राग. मागे एका स्थळाने ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढाच पत्ता दिला होता. त्या गावात तीन मारुती निघाले. चंद्रकांतराव तिघांचं दर्शन घेऊन सूसला आपल्या घरी परत आले आणि ते स्थळ तिथेच संपलं. लोकेशन पाठवायचीही सोय नव्हती. एकदा लोकेशनने त्यांना एका सोसायटीच्या मैलापाण्याच्या टाकीसमोर उभं करून ‘तुम्ही पोचलात’ असं सांगितलं होतं.

“मग काय करायचं?” स्वानंदने विचारलं.

“पत्ता लिहा. नेमका लिहा,” उत्कर्षा म्हणाली. “ज्याला स्वतःच्या घरापर्यंत माणूस नीट आणता येत नाही, त्याच्या घरात मुलगी कशी द्यायची, असं बाबांचं म्हणणं आहे. माझं काय ते मी माझं बघेन. पण बाबांचं सगळं त्या पत्त्यावर आहे.”

बुधवारी सकाळी सात वाजता स्वानंद वही घेऊन बाहेर पडला. तो मूळचा हिंगोलीचा. चार वर्षांपूर्वी भुकूमला आला आणि घरमालक नथूकाकांच्या वरच्या दोन खोल्यांत राहू लागला. पौड रस्त्यावरून आत वळलं की पाचेक मिनिटांत घर. पण तो रस्ता सांगायचा कसा, हा प्रश्न होता. प्रत्येक वळणावर प्लॉट विकणे आहे अशी पाटी, प्रत्येक पाटीमागे अर्धवट भिंत, प्रत्येक भिंतीमागे एक पिवळा जेसीबी. सगळी वळणं जुळ्या भावंडांसारखी.

आणि त्या दिवशी धुकं होतं. भातं कापून झाली होती आणि मोकळ्या खाचरांवर धुकं दाट पसरलं होतं. त्यात बगळे असे उभे होते की जणू कुणी त्यांना ठेवून विसरून गेलंय. भिंती आणि पाट्या त्या धुक्यात विरघळल्या होत्या. उरल्या होत्या फक्त चार गोष्टी, आणि त्या स्वानंदला इतक्या स्वच्छ दिसल्या की तो जागीच थांबला. चार वर्षं याच रस्त्याने जाऊन आपण काहीच बघितलं नाही असं त्याला वाटलं. तो पावलं मोजत चालला आणि लिहीत गेला.

शुक्रवारी त्याने दीड पानाचा इंग्रजी पत्ता उत्कर्षाला पाठवला. मराठीत सांगायचं तर तो असा होता. पौड रस्त्यावर एक फलक दिसेल, टू बी प्रिसाइज, दादासाहेबांच्या वाढदिवसाचा, त्यात दादासाहेब काळा चष्मा लावून मोबाईलवर बोलत आहेत. तिथून डावीकडे आत एकशे चाळीस पावलांवर पेंढ्याची गंजी, टू बी प्रिसाइज, उघडी, वरचा भाग सोनेरी. तीनशे दहा पावलांवर कुंपणावर एक साडी वाळत आहे, टू बी प्रिसाइज, हिरवी, काठ लाल. तीनशे चाळीस पावलांवर जांभळाखाली एक म्हैस, टू बी प्रिसाइज, पूर्वेकडे तोंड करून. म्हशीपासून उजवीकडे शहाण्णव पावलांवर उंबर, आणि उंबराखाली पांढऱ्या शर्टातला इसम, टू बी प्रिसाइज, मी.

उत्कर्षाचं उत्तर आलं, ‘पाचही ठिकाणी बरोबर वापरलंय.’ या वेळी हसरे चेहरे दोन होते. स्वानंदने फोन उशीखाली ठेवला. शनिवार त्याने ऑफिसात काढला, पण त्यातलं त्याला नंतर काही आठवेना.

रविवारी सकाळी नऊ वाजता तो अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, आपला पत्ता एकदा चालून बघायला निघाला. त्याला फक्त त्यात थोडं हिंडायचं होतं, आपणच काढलेल्या रांगोळीभोवती बाई हिंडते तसं. पौड रस्त्यावर आला आणि त्याने वर बघितलं. फलक नव्हता. दोन बांबू होते आणि मध्ये आभाळ होतं.

तो धावत नथूकाकांकडे गेला. नथूकाका गोठ्यापुढे बसून तंबाखू मळत होते.

“दादासाहेबांचा फलक कुठे गेला, काका?”

“आवो, वाढदिवस झाला की बेस्तरवारी. काल म्या काढून आणला. गंजीवर टाकलाय. दवानं पेंढा भिजतुया.”

म्हणजे पहिली खूण दुसऱ्या खुणेवर जाऊन पडली होती. पेंढ्याची सोनेरी गंजी आता दादासाहेबांच्या चष्म्याखाली झाकून गेली होती. स्वानंदने खिशातला कागद काढला आणि नथूकाकांना मराठीत वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “सायेब, तुमी म्हशीला पत्त्यात घातलं? आन ती फिरली मंग?”

तोपर्यंत ही शक्यता स्वानंदच्या मनात आलीच नव्हती. तो जांभळाकडे वळला. म्हैस, तिचं नाव साळू, जांभळाखालीच होती, पण तोंड पश्चिमेला होतं. नथूकाकांनी समजावून सांगितलं की सकाळी सातला तिला उन्हाची तिरीप लागते म्हणून ती पूर्वेला बघते आणि नऊनंतर तिला ओढा आठवतो म्हणून ती पश्चिमेला बघते. हा तिचा रोजचा क्रम होता आणि त्यात बदल करायला ती आजवर कधी तयार झाली नव्हती.

“आणि साडी?” स्वानंदने विचारलं, कारण कुंपणही मोकळं दिसत होतं.

त्याचं उत्तर स्वयंपाकघरातून बाहेर आलं. नथूकाकांच्या बायको, रंभाकाकू, हातात कांदा घेऊन दारात उभ्या होत्या आणि पाहुणे येणार म्हणून ती लाल काठाची हिरवी साडी नेसल्या होत्या.

माणूस स्वप्नाळू असला तरी स्वप्न मोडायला लागल्यावर त्याच्या अंगात जोर येतो. स्वानंदने ठरवलं की पत्ता खोटा पडता कामा नये. आता नवा पत्ता पाठवायला वेळ नव्हता, आणि आधी लिहिलेलं खोडून दुसरं लिहिणाऱ्या माणसाबद्दल चंद्रकांतरावांचं मत काय असेल, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पत्ता बदलता येत नाही म्हणजे गाव बदलायला हवं. टू बी प्रिसाइज, बुधवारी सकाळी सातला होतं तसं करायला हवं.

गंजीवरून फलक ओढून काढला आणि दोघांनी तो बांबूंना परत बांधला. दादासाहेबांच्या गालाला पेंढा चिकटला होता तो स्वानंदने शिडीवर चढून रुमालाने पुसला. इथवर सगळं ठीक झालं. पण शिडी उतरायच्या आत मोटरसायकलवरून खुद्द दादासाहेब आले. हे गावचे माजी सरपंच, अंगाने पैलवान आणि मनाने मऊ. त्यांनी गाडी थांबवली, वर बघितलं आणि काळा चष्मा काढला.

“नथू, माझा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले. परत का लावला?”

नथूकाकांना खरं सांगायचा धीर होईना. गेल्या वर्षीचा फलक त्यांनी म्हशीच्या गोठ्याला लावला होता, ही गोष्ट अजून दादासाहेबांना कळायची होती. ते एवढंच म्हणाले, “लोकांचं लई प्रेम हाय, दादा. काढवंना.”

दादासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरपंचपद गेल्यापासून त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. लोकांचं एवढं प्रेम असेल तर लोकांसाठी आपण इथे थांबलं पाहिजे असं म्हणून त्यांनी फोन करून खुर्ची आणि पेढे मागवले आणि आपल्याच फलकाखाली बसले. येणारेजाणारे फलक बघून थांबू लागले. गुरुवारी शुभेच्छा देऊन गेलेल्यांनी पुन्हा दिल्या. नथूकाकांना त्यांनी शेजारी उभं करून घेतलं, कारण प्रेम पहिल्यांदा नथूने दाखवलं होतं. स्वानंदचा एकुलता एक मदतनीस असा अडकून पडला.

साडीचं काम त्याहून अवघड होतं. स्वानंद दारात उभा राहिला, दोनदा घसा खाकरला आणि रंभाकाकूंना म्हणाला की काकू, तुम्ही आज फार छान दिसताय, पण ही साडी कुंपणावर जास्त उपयोगाची आहे. रंभाकाकूंनी चुलीवरची कढई खाली उतरवली.

“माझ्या लेकानं घेतलीय ती. पावण्यांसाठनं नेसले म्या.”

स्वानंदला खरोखर वाईट वाटलं. त्याने सगळं सांगितलं. पत्त्याचं, तीन मारुतींचं, उत्कर्षाचं. ती पोरगी नेमकं काय विचारते आणि आपल्याला सांगताच येत नाही, हेसुद्धा त्याच्या तोंडून निघून गेलं. रंभाकाकू ऐकत राहिल्या, मग आत गेल्या आणि जुनं जांभळं पातळ नेसून बाहेर आल्या. हिरवी साडी त्यांनी स्वतःच कुंपणावर पसरली, काठ रस्त्याकडे करून. “आन शर्ट खराब हुईल. म्हशीपाशी जाताना घोंगडी घ्या,” एवढं बोलून त्या पोह्यांकडे वळल्या.

पावणेअकरा झाले. आता राहिली साळू. स्वानंदने घोंगडी डोक्यावरून घेतली, साळूचं दावं हाताला गुंडाळलं आणि तिचं तोंड पूर्वेला वळवलं. साळू वळली. त्याने हात सैल केला तशी ती परत पश्चिमेला वळली. असं आठ वेळा झालं. शेवटी त्याला समजलं की साळू पूर्वेला बघायला हवी असेल तर कोणीतरी दावं धरून उभं राहायला हवं, आणि कोणीतरी म्हणजे आता तोच. त्याने हिशेब केला. पाहुणे इथून पुढे गेले की मागच्या खाचरातून पळत जायचं, घोंगडी फेकायची आणि त्यांच्याआधी उंबराखाली उभं राहायचं. तो साळूच्या पलीकडच्या बाजूला, तिच्या मानेआड दडून उभा राहिला.

ऊन कोवळं होतं. साळूच्या अंगाला गवताचा आणि धुराचा वास येत होता. तिचा उच्छ्वास त्याच्या कोपराला लागत होता, आणि दूरच्या खाचरात एक बगळा एक पाय वर घेऊन तो खाली ठेवायचं विसरला होता. स्वानंदचे डोळे जडावले. आपण, ही म्हैस आणि हा रस्ता असं शंभर वर्षं उभे आहोत असं त्याला वाटलं आणि त्यात काही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात आवाज आला. “तीनशे एक. तीनशे दोन.”

चंद्रकांतराव चालत येत होते. गाडी त्यांनी पौड रस्त्यावरच लावली होती, कारण पत्ता पावलांत लिहिला होता. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेन, कानाला दुसरं पेन. फलकाची खूण करताना त्यांनी फोटोतले दादासाहेब आणि खुर्चीतले दादासाहेब पडताळून बघितले होते आणि कागदावर ‘फलक बरोबर, फलकाखाली प्रत्यक्ष इसम हजर’ असा शेरा मारला होता. दोन पेढेही खाल्ले होते. गंजी उघडी आणि सोनेरी सापडली होती.

मागून उत्कर्षा येत होती. वडिलांच्या लांब ढांगांशी पावलं जुळवायला ती मध्येच एक छोटी उडी मारत होती. कुंपणापाशी चंद्रकांतरावांनी साडीवर नजर टाकली, “हिरवी, काठ लाल” म्हणून टिकमार्क केला आणि ते पुढे निघाले. उत्कर्षा मात्र थांबली. तिने साडीचा काठ चिमटीत धरून बघितला. साडी कोरडी खडखडीत होती आणि निऱ्यांच्या घड्या अजून तशाच होत्या. तिने वडिलांच्या पाठीकडे बघितलं, काठ हळूच सोडून दिला आणि काही न बोलता पुढे आली. साळूच्या शिंगांमधून हे सगळं स्वानंदला दिसलं.

“तीनशे बावन्न,” चंद्रकांतराव थांबले. “म्हैस. बारा पावलांचा फरक आहे, म्हणजे मुलाची ढांग माझ्यापेक्षा मोठी.” त्यांनी खिशातून होकायंत्र काढून साळूच्या तोंडासमोर धरलं. साळूने ते हुंगलं. “पूर्व. बरोबर. काय हो, ही म्हैस रोज अशीच असते का?”

प्रश्न घोंगडीला होता. स्वानंदने मान आणखी खाली घातली आणि नथूकाकांचा आवाज काढायचा प्रयत्न केला.

“असती की.”

चंद्रकांतरावांनी लिहून घेतलं. उत्कर्षाची नजर साळूच्या पोटाखालून पलीकडे गेली, तिथे चार काळे खूर आणि दोन पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज होते. तिने ओढणी तोंडाशी नेली आणि उजवीकडे वळली.

दोघं वीसेक पावलं गेली तशी स्वानंदने पळायला दावं सोडलं. पण दावं त्याच्या मनगटाला तीन वेढे देऊन बसलं होतं आणि अर्धा तास मनाविरुद्ध पूर्वेला बघितलेली साळू आता पश्चिमेला निघाली होती. ती पळाली नाही. पळणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती फक्त चालत राहिली आणि स्वानंद तिच्याबरोबर गेला, खाचर ओलांडून, बगळ्याला उठवून, थेट ओढ्यात.

इकडे चंद्रकांतराव उंबराखाली पोचले आणि त्यांना पांढऱ्या शर्टातला इसम दिसेना. घर समोर होतं, दार उघडं होतं, पोह्यांचा वास येत होता. रंभाकाकू दोनदा म्हणाल्या की आत या. चंद्रकांतरावांनी नम्रपणे सांगितलं की शेवटची खूण मिळाल्याशिवाय आपण पोचलो असं त्यांना म्हणता येणार नाही. उत्कर्षाला पहिल्यांदाच भीती वाटली. बाबा कागदाची घडी घालून खिशात ठेवतात तेव्हा काय होतं, हे तिला तिसऱ्या मारुतीपासून माहीत होतं. पंचवीस मिनिटं गेली. पोहे गार झाले. चंद्रकांतरावांनी कागदाची घडी घातली.

तेव्हाच शेताच्या बाजूने साळू आली. ओढ्यात डुंबून झालं होतं आणि आता तिला घर आठवलं होतं. तिच्या मागे, दाव्याच्या दुसऱ्या टोकाला, चिखलाने थबथबलेली घोंगडी चालत होती. साळू उंबराखाली येऊन उभी राहिली. घोंगडीही उभी राहिली. मग घोंगडी खाली पडली आणि आतून स्वानंद निघाला. शर्टाची फक्त कॉलर पांढरी होती.

“म्हैस तर तीनशे बावन्नवर होती,” चंद्रकांतराव म्हणाले. मग त्यांनी शूजकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं आणि कानाचं पेन काढून हातात घेतलं.

स्वानंदला आता खोटं बोलायला सुचलं नसतं आणि बोलावंसंही वाटलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. मी बुधवारी सकाळी जे बघितलं ते खरं होतं, पण आज त्यातलं काहीच जाग्यावर नव्हतं. फलक गंजीवर होता, साडी काकूंच्या अंगावर होती, म्हैस पश्चिमेला बघत होती. सगळं सकाळपासून मी परत आणून ठेवलं. फक्त मीच जाग्यावर राहिलो नाही. “माझा पत्ता चुकीचा होता, काका,” तो म्हणाला. त्याच्या कोपरातून पाणी टपकत होतं.

साळूने कान हलवले.

“बत्तीस वर्षं मोजणी केली मी,” चंद्रकांतराव म्हणाले. “प्रत्येक गावात एकच प्रकार. आम्ही येणार म्हटलं की लोक हद्दीचे दगड हलवून ठेवायचे. भाऊ भावाचा दगड हलवायचा. आम्ही येणार म्हणून खुणा जाग्यावर आणून ठेवणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला.” त्यांनी कागदाची घडी उलगडली, ‘पांढऱ्या शर्टातला इसम’ यापुढे ‘कॉलरवरून ओळख पटली’ असं लिहिलं आणि टिकमार्क केला. “पोचलो. आता पोहे गरम करा, वहिनी.”

दुपारभर चंद्रकांतराव ओटीवर बसून, फलकापासून सुटून आलेल्या नथूकाकांना त्यांच्या वरच्या खाचराची हद्द कशी वाकडी आहे ते समजावत होते. स्वानंद अंघोळ करून आला तेव्हा उत्कर्षा रंभाकाकूंबरोबर साडीची घडी घालत होती. तिने त्याच्याकडे बघितलं, पण बोलली नाही. निघतानाही नाही. त्यामुळे गाडी गेल्यावर स्वानंद पायरीवर बसून राहिला आणि समोरच्या डोंगरावरचं ऊन वर वर सरकत जाताना बघत राहिला.

संध्याकाळी सहा वाजता मेसेज आला. या वेळी तो मराठीत होता, इंग्रजीतले तेवढे तीन शब्द सोडून.

‘तुम्ही मला आवडलात. टू बी प्रिसाइज, अकरा वाजून सतरा मिनिटांनी, म्हशीपलीकडून असती की म्हणालात तेव्हा.’

स्वानंदने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग कित्येक दिवस जे सुचत नव्हतं ते एकदम इतकं स्वच्छ दिसलं की त्याला पावलं मोजावी लागली नाहीत. त्याने लिहिलं, ‘तुम्हीही मला. टू बी प्रिसाइज, साडी कोरडी आहे हे कळूनही तुम्ही काठ सोडून दिलात आणि बाबांना काही बोलला नाहीत, तेव्हा.’

बराच वेळ काही आलं नाही. डोंगरावरचं ऊन माथ्यावरून निघून गेलं. नथूकाका फलक सोडायला गेले होते ते तसेच परत आले, कारण दादासाहेब अजून खाली बसले होते. मग फोन वाजला.

‘एक अडचण आहे. पुढच्या रविवारी हिंगोलीहून तुमचे आईबाबा यायचे आहेत ना? माझ्या बाबांनी तुमचा पत्ता त्यांना परस्पर पाठवलाय. पावलं दुरुस्त करून. खाली सही केलीय.’

स्वानंद ताडकन उठला. फलक, गंजी, साडी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. गोठ्यात साळू रवंथ करत होती आणि अर्थातच पश्चिमेला बघत होती. तो काय लिहावं या विचारात असतानाच खाली आणखी एक ओळ उमटली.

‘काळजी करू नका. या वेळी म्हैस मी धरते. तुम्ही उंबराखाली उभे राहा.’